चार बोटं आत

गुलाबराव गुरुजींच्या वर्गात संगणक तीन होते आणि चिंचोक्यांचं वाडगं एक. संगणक बंद पडले तरी वर्ग अडत नसे, फळ्यावर भागायचं. वाडगं जागेवर नसलं, तर मात्र गुरुजी खोलीभर ते शोधत फिरायचे.

जानेफळच्या विहाराला लागून टिनाची एक खोली आहे. रविवारी सकाळची वंदना आटोपली, की गुरुजी खिशातून किल्ली काढून खोलीचं कुलूप उघडत आणि बारा-पंधरा पोरं दाराशी चपला उडवून आत शिरत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. पण शिकवायची खोड सुटली नव्हती, आणि ती सुटावी असं गावातही कोणाला वाटत नव्हतं.

संगणक दिले होते धम्मशीलेने. धम्मशीला ही गुरुजींची अठ्ठावीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. आता ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत मोठ्या कामावर होती. कंपनीने मोडीत काढलेली तीन यंत्रं तिने चार वर्षांपूर्वी गावी आणून बसवली आणि पोरांसाठी स्वतः रचलेली एक छोटी भाषा त्यांत घालून दिली. लिस्प नावाची साठ-पासष्ट वर्षांची म्हातारी भाषा आहे, तिच्याच वळणावरची. पण शब्द सगळे मराठी. पडद्यावर एक कासव असे. त्याला हुकूम सोडला, की ते मागे रेघ ओढत चालू लागे.

हुकूम सोडायची रीत एकच. कंस उघडायचा, आधी काय करायचं ते लिहायचं, मग किती ते लिहायचं, आणि कंस मिटायचा. (पुढे ४०) म्हटलं, की कासव चाळीस पावलं पुढे. (वळ १२०) म्हटलं, की तेवढं वळणार. (सरक ५०) म्हटलं, की रेघ न ओढता तेवढं उजवीकडे सरकणार. इथवर बालवाडीतलं पोरही शिकेल. पण एका हुकमाच्या पोटात दुसरा हुकूम आला, की कंसाच्या पोटात कंस येतो, त्याच्या पोटात आणखी एक. आणि मिटायचे कंस शेवटी एका जागी गोळा होतात, लग्नमांडवाच्या दारातल्या चपलांसारखे. कोणती कोणाची, ते ज्याचं त्यालाही ओळखू येत नाही.

त्यावर गुरुजींनी चिंचोके काढले होते. कंस उघडला की एक चिंचोका वाडग्यात टाकायचा, कंस मिटला की एक काढून घ्यायचा. ओळ संपली की वाडगं रिकामं पाहिजे. एखादा चिंचोका उरला, तर एक कंस मिटायचा राहिला. काढायला चिंचोकाच नसला, तर एक कंस जास्त मिटला. पोरांना हा खेळ आवडे. चार वर्षं त्या वाडग्यावर वर्ग चालला होता.

पोळा होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. त्या रविवारी करिष्मा आणि प्रज्वल मिळून पताकांची माळ काढत होते. एक त्रिकोण काढायचा, थोडं सरकायचं, पुन्हा त्रिकोण. अशा सात पताका. करिष्मा बारा वर्षांची, शेतकऱ्याची पोर, बोलायला कमी. प्रज्वल तिच्याहून वर्षाने मोठा आणि बोलायला दहा जणांचा. त्यांनी लिहिलं होतं :

(पुन्हा ७ (पुन्हा ३ (पुढे ४०) (वळ १२०) (सरक ५०)))

प्रज्वलने एकेक चिंचोका टाकला, एकेक काढला. वाडगं रिकामं झालं.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "चालू दे कासव."

कासव निघालं आणि कोंबडीने उकिरडा उकरावा तशा रेघा पडद्यावर इकडेतिकडे पसरल्या. एक त्रिकोण धड जुळला नाही.

"गुर्जी, वाडगं तं रिकामं हाये," प्रज्वल म्हणाला. "मंग हे काऊन असं करून राह्यलं?"

गुरुजी पडद्याशी वाकले. कंस मोजून बरोबर होते, पण एक कंस चुकीच्या जागी मिटला होता. त्यामुळे सरकण्याचा हुकूम त्रिकोणाच्या पोटात शिरला होता आणि कासव प्रत्येक बाजू काढून झाली की सरकत होतं. वाडग्याला संख्या कळते, जागा कळत नाही. जागा डोळ्यांनीच पाहावी लागते. आणि नेमकं तेच आता गुरुजींना जमत नव्हतं. जिथे बघावं तिथे पुसट करडा डाग, आजूबाजूचं मात्र सगळं लख्ख. श्रावणात बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा मोतीबिंदू नव्हे. डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, याला ऑपरेशन नाही. हिंडाफिराल, माणसं ओळखाल, पण बारीक वाचन सोडा. ही गोष्ट गुरुजींनी पत्नी बेबीताईंखेरीज कोणालाही सांगितली नव्हती.

"शेवटचा कंस काढ, अन् तो..." गुरुजी म्हणाले आणि थांबले. तो नेमका कुठे घालायचा हे त्यांना दिसत नव्हतं.

करिष्माने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता तिने ती ओळ मोठ्याने वाचायला घेतली. "कंस सुरू. पुन्हा, सात. कंस सुरू. पुन्हा, तीन. कंस सुरू. पुढे, चाळीस. कंस बंद..." सावकाश, एकेक शब्द सोडवून. आजोबांना पेपर वाचून दाखवावा तशी.

चूक त्या वाचण्यातून सापडली. माळ झाली. पोरं खूश होऊन घरी गेली. गुरुजी मात्र कुलूप लावून बराच वेळ दाराशीच उभे होते. पोरांनी आपल्याला समजून घ्यावं, इथवर गोष्ट आली होती. मास्तर चुकला तर चालतं, पोरं त्यातून शिकतात. पण मास्तरला पोरांनी सांभाळून न्यायचं, हे त्यांना मानवणारं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बेबीताईंना सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीत धम्मशीला येते. किल्ली तिच्या हाती देऊन टाकतो. पाहीन ती कोणी दुसरा मास्तर."

बेबीताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"द्या की," त्या म्हणाल्या. "अन् मंग रविवारी काय करान? माह्याजवळ बसून मेथी निवडान? परवा निवडली होती तुमी. निम्मं गवत होतं भाजीत. म्या काई बोलली नाई म्हनून कळलं नाई तुमाले."

दिवाळीच्या सुट्टीत धम्मशीला आली, आणि दुसऱ्याच दिवशी गुरुजींच्या ओट्यावर हजर झाली. वाकून म्हणाली, "जयभीम, गुरुजी."

गुरुजींनी तिची आई, तिचा मुलगा, खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम असलेला तिचा भाऊ धम्मदीप, सगळ्यांची विचारपूस केली. चहा झाला. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि डोळ्यांचं सांगितलं. लांबण लावली नाही. तब्येतीचं रडगाणं त्यांना आवडत नसे.

धम्मशीलेने किल्लीला हात लावला नाही. तिने विचारलं, "बाकी सारं दिसते ना? कंसच दिसत नाही?"

"कंस, स्वल्पविराम, आकडे. बारीक ते सगळं. ओळ सुरू कुठून झाली, ते कडेनं दिसते. मध्ये काय हाये ते नाही दिसत."

"मंग कंसच काढून टाकू."

गुरुजींना राग आला. तो त्यांना फार क्वचित येई. "माह्यासाठी भाषा बदलतं का तू? उद्या म्हणशील, गुरुजींले चालवत नाही, शेत घराजवळ आणू. पोरांचं शिकणं माह्या डोळ्यांसाठी नको थांबवू. दुसरा मास्तर पाह्य."

"तुमच्यासाठी नाही, गुरुजी. ऐका तं खरं." धम्मशीला सरसावून बसली, आणि बोलता बोलता तिची पुण्याची भाषा गळून पडली. "ज्यानं ही लिस्प काढली ना, त्यानंही हे कंस कायमचे धरले नव्हते. त्याच्या मनात पुढं साधी लिहिण्याची रीत द्यायची होती. ती राहून गेली अन् लोकाईले कंसाची सवय लागली. तवापासून शहाणी शहाणी माणसं कंस कमी करायच्या युक्त्या काढून राह्यली. कोनी म्हणते ओळीची जागा पाहून आतलं-बाहेरचं ओळखा. कोनी म्हणते बेरजेची खूण मधात लिहू द्या, आपण शाळेत लिहितो तशी. निम्मे लोक म्हणतात, कंसच बरे, त्यात घोळ नाही. पन्नास वर्षं झाली, हे भांडण मिटून नाही राह्यलं."

"निम्मे लोक बरोबर म्हणतात," गुरुजी म्हणाले. "कंस म्हणजे कुंपण. आत काय अन् बाहेर काय, ते कुंपणानं कळते. कुंपण काढलं की ढोरं शिरतात."

धम्मशीलेने त्यावर वाद घातला नाही. तिने पर्समधून एक जाड स्केचपेन काढलं, बेबीताईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेलं पान मागून घेतलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं :

पुन्हा ७
    पुन्हा ३
        पुढे ४०
        वळ १२०
    सरक ५०

गुरुजींनी पान हातात घेतलं. सरळ पाहिलं तर मधे डागच होता. मग त्यांनी मान थोडी तिरपी केली, आणि डाव्या कडेने पायऱ्या दिसल्या. एक ओळ बाहेर. एक आत. दोन आणखी आत. मग एक पुन्हा बाहेर आलेली. अक्षर न वाचताही त्यांना कळलं, की दोन गोष्टी एकीच्या पोटात आहेत आणि शेवटची गोष्ट त्यांच्यातली नाही.

"चार बोटं आत," धम्मशीला म्हणाली. "आठवते का, गुरुजी?"

क्षणभर गुरुजींना काही आठवलं नाही. आणि मग एकदम सगळंच आठवलं.

तेव्हा पाचवी, सहावी, सातवी एकाच खोलीत बसत. फळा म्हणजे भिंतीवर फासलेला काळा रंग, तोही अर्धा पोपडे निघालेला. त्याचे खडूने तीन भाग केले होते. पाचवीला मोठा, सहावीला मधला, आणि उजव्या कोपऱ्यात सातवीच्या वाट्याला आलेली हातभर रुंदीची पट्टी. आणि कंसाची गणितं होती सातवीलाच. साधा कंस, त्याच्याबाहेर महिरपी कंस, त्याच्याबाहेर चौकटी कंस. अख्खं गणित एका ओळीत त्या पट्टीत मावायचं नाही. मग गुरुजी ते दुमडून लिहीत. बाहेरचं वर, त्याच्या आतलं खालच्या ओळीवर चार बोटं आत सरकून, त्याच्याही आतलं आणखी चार बोटं आत. कंस लिहायलाही जागा उरत नसे, म्हणून ते लिहीतच नसत. बोट लावून म्हणत, "सगळ्यात आत कोण बसलंय? त्याच्यापासून सुरू करा." पोरं आपापल्या वहीत आपापली चार बोटं टेकवून तसंच उतरवून घेत. परीक्षा जवळ आली की गुरुजी सांगत, "आता गणिताले कपडे घाला. साहेब तपासनार हाये, त्याच्यापुढं उघडं पाठवू नका." मग पोरं पायऱ्या मोडून एका ओळीत कंस भरत, आणि सगळे कंस आपसूक जागेवर बसत.

धम्मशीला तेव्हा सहावीत होती. तिच्या वर्गाचं गणित सोडून ती कायम उजव्या कोपऱ्यात बघत असायची.

पुढे शाळेला लांबरुंद फळा मिळाला, वर्गांना खोल्या मिळाल्या. गणितं एका ओळीत मावू लागली आणि चार बोटांची गोष्ट गुरुजी पार विसरून गेले.

"मी पुण्यात लोकांले सांगते," धम्मशीला म्हणाली, "आमचे गुरुजी तवाच अशी पद्धत वापरत होते. केवढा विचार केला असंन त्यांनी."

गुरुजी हसले. डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले.

"ती काय पद्धत होती का, पोरी? फळा अरुंद होता."

धम्मशीला आधी पाहतच राहिली, मग तीही हसू लागली. आतून बेबीताई म्हणाल्या, "काय झालं? किल्ली देऊन राह्यले का जोक सांगून राह्यले?"

हसणं ओसरलं तशी गुरुजींनी किल्ली उचलून पुन्हा खिशात टाकली. "रविवारी तुया हातानं पोरांले दाखव. चाललं तं पाहू. नाही चाललं, तं वर्ग सुटल्यावर किल्ली घेऊन जायची. मंग तू काही बोलायचं नाही अन् मीही नाही."

"हाव," धम्मशीला म्हणाली.

मधल्या दिवसांत तिने आपल्या लॅपटॉपवर भाषेत फेरफार केले आणि रविवारी सकाळी ते तिन्ही यंत्रांवर चढवले. पोरं जमली. गुरुजींनी नवी रीत समजावून सांगितली आणि स्वतःच्याच मनातली शंका पोरांपुढे ठेवली. "कंस नसले तं आतलं कोण अन् बाहेरचं कोण, हे यंत्राले कसं समजावं? कुंपण नको का?"

मग मागून करिष्मा बोलली. "गुर्जी, आमच्या वावरात सोयाबीन निंघालं. आता तुरीची तासं तेवढी उभी हायेत, ओळीनं. त्याईले कुठी कुंपण हाये? पण कोनीबी सांगते ना, हे तुरीचं तास अन् हे सोयाबीनचं होतं. तास सरळ असलं म्हंजे झालं."

"अन् तास वाकडं गेलं तं?" गुरुजींनी विचारलं.

"मंग बाबा शिव्या देतात."

वर्ग खळखळून हसला. गुरुजींना उत्तर पटलं होतं, पण ते काही बोलले नाहीत. कोणी बरोबर बोललं की लगेच शाबासकी द्यायची त्यांची रीत नव्हती. दुसऱ्या कोणाला अजून काही सुचायचं असेल, तर ते त्या शाबासकीने अडतं.

तीन यंत्रांवर तीन टोळकी बसली. सगळ्यांनी तीच पताकांची माळ करायची असं ठरलं. पहिल्या दोन यंत्रांवर एकेकाच पोराने टंकलं आणि बाकीच्यांनी सूचना दिल्या. पाच ओळी, एक कंस नाही, आणि सात पताका पडद्यावर डुलू लागल्या. गुरुजी मान तिरपी करून प्रत्येक पडद्याची डावी कड पाहत होते आणि त्यांना पायऱ्या दिसत होत्या. एका यंत्रावर त्यांनी न विचारताच सांगितलं, "चौथी ओळ बाहेर आलीय, आत घे तिले." ती खरंच बाहेर आली होती. किती महिन्यांनी ते असं बोलले होते. त्यांच्या आवाजातला फरक धम्मशीलेला कळला आणि ती मुद्दाम दुसरीकडे पाहू लागली.

तिसऱ्या यंत्रावर करिष्मा आणि प्रज्वल होते. चार ओळी प्रज्वलने टंकल्या, पाचवी करिष्माने. कासव हललं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : पाचवी ओळ कोणत्या ओळीखालची?

"पुन्हा तीनच्या बरोबर खाली तं हाये," प्रज्वल म्हणाला. "आंधळं हाये का हे?" बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली आणि गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

धम्मशीला येऊन बसली. ओळी शेजारच्या यंत्राशी ताडून पाहिल्या. शब्द तेच, आकडे तेच. 'सरक' हा शब्द वरच्या 'पुन्हा'च्या अगदी नाकासमोर उभा होता, केसाइतकाही इकडेतिकडे नाही. तिने यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तोच प्रश्न. पोरं भोवती गोळा झाली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. तिच्या कपाळावर घाम आला. इतकी वर्षं हेच काम करणारी बाई, आणि पाच ओळींत अडकली होती.

शेवटी ती उठली. "माझ्या लिहिण्यातच कुठेतरी चूक राहिली आहे," ती म्हणाली, आणि या वेळी भाषा पुण्याची होती. "चुकणारी गोष्ट मुलांच्या हातात देऊन मी जाणार नाही. पुण्याहून नीट करून पाठवते. तोवर जुनंच चालू दे, कंसांचं."

गुरुजींनी मान हलवली. खिशात हात घालून त्यांनी किल्ली चाचपली. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तेव्हा ते बोलले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटून घेतले. हल्ली डोळे मिटले की त्यांना बरं वाटे. तो डाग तरी समोर नसे.

आणि मिटल्या डोळ्यांआड त्यांना एक वही दिसली. मळकी, दोन भावंडांत मिळून एक. धम्मदीप सातवीत, धम्मशीला सहावीत, घरात दुसरी वही घ्यायची ऐपत नव्हती. धम्मदीप गणित अर्ध्यावर टाकून खेळायला पळे आणि ही उरलेलं पुरं करून ठेवी. एकदा त्या वहीतलं गणित असं चुकलं, की गुरुजींना कितीतरी वेळ त्याचं कारण सापडेना. अक्षर दोघांचं सारखंच, आकडे बरोबर, पायऱ्या व्यवस्थित. मग त्यांनी दोघांना समोर उभं करून हात पुढे करायला लावले. धम्मदीपची चार बोटं होती रुंद, वावरात राबलेली. हिची चार बोटं म्हणजे त्याची जेमतेम अडीच. त्याची एक पायरी आणि हिची दीड पायरी एकाच ठिकाणी येत होती, आणि कोणाच्या आत कोण याचा घोळ झाला होता. त्या दिवशी त्यांनी वर्गाला नियम घालून दिला होता, की चार बोटं ज्याची त्याची, पण एका गणितात हात एकच चालायचा.

आणि मघाशी आपण काहीतरी ऐकलं होतं. डोळे अधू झाल्यापासून गुरुजींचे कान फार तिखट झाले होते. प्रज्वल टंकत होता तेव्हा ओळ आत नेताना टक टक टक टक असा आवाज येत होता. पाचव्या ओळीआधी तो आला नव्हता. एकदाच टक झालं होतं.

"प्रज्वल," गुरुजी डोळे न उघडताच म्हणाले, "ओळ आत न्यायले तू काय दाबतो?"

"ते लांबडं बटन, गुर्जी. चारदा. तुमीच सांगतलं चार बोटं, म्हनून चारदा."

"अन् तू, करिष्मा?"

"ते डाव्या बाजूचं, बाणाचं. एकदा दाबलं की तेवढंच आत जाते. शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं."

"धम्मशीला, एका वहीत दोन हात शिरले," गुरुजी म्हणाले. "धम्मदीपची बोटं अन् तुयी बोटं. दिसायले सारखीच जागा. यंत्राले तशीच वाटते का, ते पाह्य."

धम्मशीलेने कपाळाला हात लावला. लांबडं बटण चारदा दाबलं की चार मोकळ्या जागा होतात. बाणाचं एकदा दाबलं की डोळ्यांना दिसतात चारच, पण यंत्र ते मोजतं एक. तिच्या नव्या फेरफारांत त्याचा विचारच झाला नव्हता. तिने करिष्माच्या ओळीतली ती एक लांब जागा पुसली आणि लांबडं बटण चारदा दाबलं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं, टक टक टक टक.

कासव निघालं. एक पताका, दुसरी, तिसरी. गुरुजी डोळे उघडून मान तिरपी करून पाहत होते. त्यांना कडेच्या पाच-सहा दिसल्या, मधली एखादी डागात बुडाली होती.

"सात हायेत, गुर्जी," करिष्मा हळूच म्हणाली. या वेळी गुरुजींना त्याचं वाईट वाटलं नाही.

"ही चूक दिसण्यासारखी नव्हतीच, गुरुजी," धम्मशीला म्हणाली. "मी पंधरा मिनिटं डोळे फाडून पाहून राह्यली."

"म्हणून तं मले सापडली."

प्रज्वल मोठ्याने हसला. मग सगळेच हसले, मघाची जीभ चावणंही त्यात वाहून गेलं.

वर्ग सुटायच्या आधी एक प्रश्न उरला. प्रज्वलने वाडगं उचलून विचारलं, आता कंस नाहीत तर चिंचोक्यांचं काय करायचं, भाजून खायचे का. गुरुजींनी वाडगं त्याच्या हातातून काढून घेतलं. कंस गेलेले नाहीत, ते म्हणाले, नुसते घरात उघडे बसलेत. काम पुरं झालं की दर वेळी ते एकदा कपडे घालून लिहायचं, कंसांसकट, एका ओळीत, आणि चिंचोक्यांनी मोजायचं. ज्याला कपडे घालता येतात, त्यानेच घरी उघडं बसावं. धम्मशीलेने ते वहीत टिपून घेतलं. कोणत्याही बटणाने आत सरकलं तरी यंत्राने ते सारखंच मोजावं, हेही तिने टिपून घेतलं. पण गुरुजी म्हणाले, "ते तू कर. तरी पोरांले मी एकच हात शिकवीन. यंत्र समजून घेते म्हणून आपण वाकडं लिहावं का?"

पोरं गेली. धम्मशीलेने यंत्रं बंद केली, खिडकी लावली आणि बाहेर येऊन दाराशी थांबली. गुरुजींनी कुलूप लावलं. बोटांनी चाचपून, एकदा ओढून पाहून. मग किल्ली हातात घेऊन तेही थांबले. धम्मशीला वाकली, "जयभीम, गुरुजी," म्हणाली आणि दोन्ही हात रिकामेच घेऊन आपल्या आळीला वळली.

गावाबाहेरच्या वावरांमध्ये सोयाबीन निघून गेलेल्या उघड्या मातीवर तुरीची तासं उभी होती. गुरुजी घरी जाताना त्यांच्याकडे तिरप्या मानेने पाहत चालले होते. एक तास, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक तास. सगळं नीट दिसत होतं.

बेबीताई ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात सूप होतं.

"दिली का किल्ली?"

गुरुजी पायरीवर बसले, चपला काढल्या, आणि तांब्यातलं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "रविवारी मेथी तुलेच निवडा लागंन."